वायपरची मोटर बदलताना

पावसात वायपर चालू आहे आणि आपण त्याचं बटण बंद केलं. वायपरचे हात त्या क्षणी काचेच्या मधोमध होते. ते तिथेच थांबतात का?

घरातला पंखा बंद केला की पाती कुठेही थांबतात, त्याचं आपल्याला काही वाटत नाही. गाडीचा वायपर मात्र हाती घेतलेली फेरी पुरी करतो आणि काचेच्या तळाशी जाऊन आडवा होतो. बटण तर बंद झालं, मग हा शेवटचा प्रवास कुणाच्या जोरावर? आम्ही दोघं एकाच शाळेत बरीच वर्षं विज्ञान शिकवतो. 'विद्युत चलित्र' हा पाठ किती वेळा फळ्यावर काढला असेल, त्याची गणती नाही. पण हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. तो पडायला आमची गाडी आंबा घाटात अडकावी लागली.

आमची म्हणजे दोघांनी मिळून वापरलेली, १९९८ सालची छोटी चारचाकी. जुलै महिना होता. साखरपा मागे टाकून आम्ही घाट चढायला लागलो आणि पाऊस कोसळू लागला. पाचसहा वळणं झाली असतील. वायपर आधी मंदावला, मग काचेच्या मध्यावरच थांबला. समोर रस्ता नव्हता, नुसता पांढरा धूर. कशीबशी गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, चारही दिवे लुकलुकते ठेवले आणि बसून राहिलो. दहाएक मिनिटांनी सहज बटण दाबलं, तर वायपर चालू! आनंदानं निघालो. दोन वळणांनंतर पुन्हा बंद. पुन्हा दहा मिनिटं. तिसऱ्या खेपेला मात्र तो उठलाच नाही.

मागून आलेल्या ट्रकचा ड्रायव्हर थांबला. त्यानं खिशातली तंबाखूची पुडी काढली, चिमूटभर ओली करून आमच्या काचेवर चोळली आणि म्हणाला, "आता हळूहळू चला, मास्तर." खरंच रस्ता बऱ्यापैकी दिसू लागला. स्वच्छ नाही, पण दिसू लागला. काचेवर पाण्याचे सुटे थेंब असतात तेव्हा प्रत्येक थेंब एका छोट्या भिंगासारखा वागतो, प्रकाश भलतीकडे वळवतो. काच पाण्यानं नीट भिजली तर थेंब न होता पाण्याचा सलग पापुद्रा पसरतो आणि त्यातून आरपार दिसतं. साबण, कापलेला बटाटा, तंबाखू यांनी एवढंच साधतं. वर्गात दोन काचपट्ट्या घ्या, एकीवर साबणाचं बोट फिरवून कोरडी पुसा, दोन्हींवर पाणी शिंपडा आणि त्यांतून पुस्तकातली अक्षरं वाचायला सांगा. वायपरचं रबरही खरं तर काच कोरडी करत नाही. ते थेंब मोडून मागे एक पातळ पापुद्रा ठेवतं. हे आम्हाला घरी आल्यावर सुचलं. घाटात आम्ही फक्त तंबाखूवाल्याचे आभार मानले आणि पहिल्या गिअरमध्ये आंबा गावापर्यंत पोचलो.

मोटर गेली म्हणजे काय गेलं?

तीन वर्षांपूर्वी असाच वायपर बंद पडला होता. तेव्हा गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून, एकदा कान लावून, "सर, मोटर गेली. दुसरी टाकू," असं सांगितलं होतं आणि टाकलीही होती. आता दुसरीही गेली. एवढ्या लवकर? मागच्या वेळी आम्ही विचारायला हवा होता तो प्रश्न या वेळी विचारला: मोटर गेली खरी, पण ती का गेली? या वेळी पाना आपणच हातात घ्यायचा ठरवलं.

फ्यूज आधी पाहिला, तो शाबूत होता. मग मोटरपर्यंत वीज येते का हे पाहायचं. शाळेतला मल्टिमीटर लावला तर वायरवर बारा व्होल्ट दाखवत होता. पण इथे एक गंमत आहे आणि ती मुलांना जरूर दाखवावी. समजा, वायरच्या जोडावर गंज चढला आहे आणि तिथे शंभर ओहम रोध निर्माण झाला आहे. मीटर स्वतः इतकी कमी विद्युतधारा घेतो, की त्या शंभर ओहमवर जवळजवळ काहीच विभवांतर पडत नाही. मीटर बिनदिक्कत बारा व्होल्ट दाखवतो. त्याऐवजी गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावा. त्याचा पेटलेल्या अवस्थेतला रोध सुमारे सात ओहम. शंभर आणि सात एकसरीत आले, की बल्बच्या वाट्याला एक व्होल्टसुद्धा येत नाही आणि तो पेटतच नाही. म्हणून जाणते वायरमन मीटरपेक्षा दोन वायरी लावलेल्या बल्बवर अधिक भरवसा ठेवतात. आमचा बल्ब लख्ख पेटला.

उरला परतीचा रस्ता, म्हणजे अर्थिंग. गाडीत वीज बॅटरीच्या धन अग्राकडून वायरीतून येते आणि गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून ऋण अग्राकडे परत जाते. वायपरची मोटर हादरे आणि आवाज कमी व्हावा म्हणून रबरी वॉशरांवर बसवलेली असते. रबर वीज वाहू देत नाही, त्यामुळे मोटरच्या कवचापासून सांगाड्याला जोडणारी वेगळी धातूची पट्टी द्यावी लागते. ती गंजली की चांगल्या मोटरीही 'गेल्या' म्हणून भंगारात जातात. बॅटरीच्या ऋण अग्रापासून एक जाड वायर थेट मोटरच्या कवचाला लावून पाहिली. काही हललं नाही. तेव्हा अर्थिंगही निर्दोष होतं.

आता घाटातली ती दहा मिनिटं आठवा. थोडा वेळ विसावा मिळाला की पुन्हा चालणारी मोटर आपल्याला काहीतरी सांगत असते. अशा अनेक मोटरींच्या पोटात एक द्विधातू पट्टी असते. मोटर फार तापली की पट्टी वाकते आणि मंडल तोडते. थंड झाली की सरळ होऊन मंडल जोडते. इस्त्रीतली पट्टी हेच काम करते. म्हणजे आमची मोटर तापत होती. का तापत होती?

यासाठी थोडं गणित करू. मोटरचं आर्मेचर चुंबकांच्या मध्ये फिरतं, म्हणजेच वाहक तार चुंबकीय क्षेत्रात फिरते. मग जनित्रासारखं तिथेही विभवांतर निर्माण होणारच, आणि ते बॅटरीच्या विरुद्ध दिशेनं असतं. समजा, आर्मेचरचा रोध एक ओहम आहे आणि नेहमीच्या वेगाला हे विरोधी विभवांतर नऊ व्होल्ट आहे. तर विद्युतधारा लोटायला उरले तीन व्होल्ट, म्हणून धारा तीन अँपिअर. तारेत निर्माण होणारी उष्णता ३ × ३ × १, म्हणजे ९ वॅट. आता मोटर अडकली आणि थांबली. विरोधी विभवांतर शून्य. पूर्ण बारा व्होल्ट एका ओहमवर, धारा बारा अँपिअर, उष्णता १४४ वॅट. सोळापट! आकडे सोयीचे घेतले आहेत, पण गोष्ट खरी आहे: विजेच्या मोटरला धावण्यापेक्षा अडकण्यानं जास्त ताप येतो. बराच काळ जडपणे ओढत फिरलेली मोटर या दोन टोकांच्या मधे कुठेतरी भाजत असते.

तेव्हा गुन्हेगार मोटरच्या बाहेर असण्याचा संभव होता.

खोलायला सुरुवात

सर्वांत आधी बॅटरीची ऋण बाजू सोडवली. ऋणच का? धन बाजूचा नट सोडवताना पाना चुकून सांगाड्याला टेकला तर बॅटरीची दोन्ही अग्रं सरळ पान्यातून जोडली जातात. मोठी ठिणगी उडते, पाना लाल होऊ शकतो. ऋण बाजू सांगाड्याला आधीच जोडलेली असते, तिथे पाना टेकला तर काहीच होत नाही. जोडताना याच्या उलट, ऋण बाजू शेवटी.

वायपरचे हात काढण्यापूर्वी ते तळाशी निजतात ती जागा काचेवर टेपनं खुणावून ठेवायची. ती जागा रबराच्या जुन्या रेघेवरून कळली. हातांच्या बुडाशी टोपणाखाली एकेक नट असतो. नट निघाला, हात निघेना. त्याच्या भोकात आणि खालच्या दांड्यावर बारीक दाते असतात, ते गंजून एकजीव झाले होते. तेल सोडून तासभर थांबलो आणि डुलवत डुलवत काढले. या वेळी काचेवर जाड घडीचं फडकं ठेवावं. हाताची स्प्रिंग जोरकस असते, तो निसटून आपटला तर काच तडकते.

काचेखालची जाळी काढल्यावर आतला सांगाडा दिसला. मोटरच्या दांड्यावर एक लहान भुजा, म्हणजे क्रँक. ती गोल फिरते. तिला जोडलेली लांब पट्टी, आणि ती पट्टी दोन्ही वायपरांच्या खुंट्यांना मागेपुढे हलवते. पट्टी क्रँकपासून सुटी केली आणि दोन्ही खुंटे हातानं फिरवून पाहिले. ड्रायव्हरच्या बाजूचा सहज फिरला. दुसरा हलायलाच तयार नव्हता! प्रयोगशाळेतला ताणकाटा त्याच्या भुजेला अडकवून ओढला, तर काटा शेवटच्या रेघेवर गेला तरी खुंटा जागचा हलला नाही. पंचवीस वर्षांचं पाणी आणि पाचोळ्याची माती तिथे साचून खुंटा आपल्या नळीत गंजून आवळला गेला होता. गेली तीन वर्षं नवी मोटर याच्याशी झुंजत होती आणि त्याआधी जुनी. गॅरेजवाल्याला दोष देत नाही, त्याच्या दारात चार गाड्या उभ्या होत्या. आम्हालाही तेव्हा सुचलं नव्हतं. पण तिसरी मोटर तशीच बसवली असती तर तीही गेली असती, आणि कदाचित पुन्हा घाटातच.

रॉकेल सोडत, थोडं थोडं फिरवत दोन संध्याकाळी गेल्या. खुंटा बाहेर आला तेव्हा काळाकुट्ट होता. बारीक पॉलिश पेपरनं घासून, पुसून, ग्रीस भरून परत घातला. मग तो एका बोटानं फिरू लागला. पट्टीच्या टोकांची प्लॅस्टिकची बुशंही झिजून खुळखुळत होती. तीही बदलली.

मोटरच्या दांड्यावरची क्रँक काढताना एक काळजी घ्यावी लागते. नट फिरवायला जोर लावला तर तो जोर आतल्या दात्यांवर येतो, आणि ते चक्र बहुधा प्लॅस्टिकचं असतं. म्हणून क्रँक दुसऱ्या पान्यानं घट्ट धरून मगच नट सोडवायचा. शिवाय क्रँक कोणत्या कोनात होती तेही खुणावून ठेवायचं. नंतर मोटर धरणारे दहा नंबरचे बोल्ट निघाले आणि मोटर हातात आली.

मोटरच्या पोटात

काढलेली मोटर दुसऱ्या दिवशी शाळेत नेली. नववी-दहावीच्या मुलांसमोर तिचं झाकण उघडलं. कवचाच्या आत चिकटवलेली दोन वक्र चुंबकं, मध्ये आर्मेचर, त्याच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचं कडं. पुस्तकातल्या आकृतीत कडं दोन तुकड्यांत दुभंगलेलं असतं. इथे अनेक तुकडे आहेत हे मुलींनी लगेच मोजून दाखवलं. तांबं काजळीनं काळं पडलं होतं, आणि कार्बनचा एक ब्रश झिजून हरभऱ्याच्या डाळीएवढा उरला होता. मोटर कशानं मेली ते दिसलं.

पण ब्रश दोन नव्हते, तीन होते. "सर, तिसरा कशाला?" एका मुलीनं विचारलं. आमच्याकडे उत्तर तयार नव्हतं, दोन दिवसांची सवलत मागून घेतली. उत्तर वरच्या गणितातच होतं. पहिले दोन ब्रश कड्यावर समोरासमोर असतात. तिसरा थोडा बाजूला सरकवलेला असतो. वीज तिसऱ्या ब्रशातून दिली की विरोधी विभवांतर निर्माण करणारी वेटोळी कमी पडतात. तेवढंच विरोधी विभवांतर उभं करायला आर्मेचरला जास्त वेगानं फिरावं लागतं. वायपरच्या बटणाचा दुसरा टप्पा म्हणजे हा तिसरा ब्रश. वेग वाढवण्यासाठी ना गिअर बदलला, ना विभवांतर वाढवलं.

आर्मेचरच्या दांड्यावर मळसूत्रासारखे आटे कोरलेले होते आणि ते एका दातेरी चक्रात अडकत होते. दांड्याचा एक फेरा झाला की चक्र एकच दाता पुढे सरकतं. चक्राला साठ दाते असतील आणि मोटर मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर चक्र मिनिटाला ५० फेरे घेईल, आणि प्रत्येक फेऱ्याला वायपरची एक जा-ये. वेग साठपट कमी, फिरवण्याची ताकद त्या प्रमाणात जास्त (घर्षणात बरीच वाया जाते, ते सोडून). या जोडीचा आणखी एक गुण: दांडा चक्राला फिरवतो, पण चक्र दांड्याला फिरवू शकत नाही. म्हणून वारा कितीही असला तरी थांबलेला वायपर मागे ढकलला जात नाही. आणि म्हणूनच चालू जोडणीत वायपर हातानं ओढून पाहू नये, दाते मोडतात.

चक्राच्या पाठीवर तांब्याचं एक कडं बसवलेलं होतं. ते एका जागी तुटक होतं आणि त्यावर तीन लवचीक पत्र्या घासत होत्या. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर हेच. या कड्यातून मोटरला विजेची एक वेगळी, चोरवाट मिळते. बटण बंद केलं तरी चोरवाटेनं वीज येत राहते. चक्र फिरत फिरत कड्याच्या तुटक्या भागाशी आलं की ती वाट बंद होते, आणि नेमका तोच क्षण वायपर तळाशी पोचल्याचा असतो. पण वीज तोडली तरी मोटर वेगात आहे, ती थोडी पुढे जाईलच ना? त्याचीही सोय आहे. त्याच क्षणी मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडली जातात. फिरणारी मोटर आता जनित्र बनते, स्वतःच निर्माण केलेल्या विद्युतधारेशी झगडते आणि जागच्या जागी थांबते.

हे वर्गात दाखवायला गाडीची मोटर नको. खेळण्यातली छोटी मोटर घ्या, तिच्या दांड्यावर पुठ्ठ्याची जड चकती बसवा. दोन्ही वायरी सुट्या ठेवून चकती बोटानं जोरात फिरवा आणि ती थांबेपर्यंत मोजा. मग वायरींची टोकं पिळून जोडा आणि तसंच करा. चकती लवकर थांबते. बॅटरी कुठेच नाही, तरी ब्रेक लागतो! आमच्या वर्गात हा प्रयोग मुलांनी पुन्हा पुन्हा केला.

गोल फिरण्याचं मागेपुढे हलण्यात रूपांतर कसं होतं, तेही पुठ्ठ्यावर करता येतं. पाट्यावर दहा सेंटिमीटर अंतरानं दोन टाचण्या ठोका. एकीवर तीन सेंमीची पट्टी (क्रँक), दुसरीवर आठ सेंमीची (वायपरचा खुंटा), आणि दोघींची मोकळी टोकं नऊ सेंमीच्या पट्टीनं जोडा. क्रँक गोल फिरवली की आठ सेंमीची पट्टी सुमारे ४६ अंशांत झुलते. क्रँक चार सेंमीची केली तर हाच झोका सुमारे ६२ अंशांचा होतो. मुलं पाच, सहा करत जातात. आठ सेंमीला मात्र क्रँकचा पूर्ण फेरा होतच नाही, सांगाडा अडतो. असं का, याचा नियम लगेच सांगू नका. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठं अंतर यांची बेरीज उरलेल्या दोघांच्या बेरजेशी ताडून पाहा एवढंच सुचवा.

पहिल्या वायपरांना मोटर नव्हतीच. अमेरिकेतल्या मेरी अँडरसन यांना १९०३ साली ज्या रचनेचं पेटंट मिळालं, ती आतून दांड्यानं हातानंच हलवायची होती. पुढे कित्येक गाड्यांत इंजिनाच्या शोषणावर चालणारे वायपर आले. त्यांची खोड अशी, की चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की शोषण कमी होतं आणि वायपर नेमका तिथेच रेंगाळतो. त्या काळातल्या ड्रायव्हरांनी पावसात घाट कसे चढले असतील, याची थोडीशी कल्पना आम्हाला आता आहे.

पुन्हा बसवताना

नवी मोटर आणल्यावर ती थेट बसवायची नाही, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दुकानातून येणारी मोटर कोणत्या कोनात थांबलेली असेल ते सांगता येत नाही. म्हणून आधी ती बाहेरच ठेवून गाडीच्या वायरी जोडल्या, कवचापासून बॅटरीच्या ऋण अग्राला वायर दिली, वायपरचं बटण चालू करून बंद केलं. मोटर फिरली आणि आपल्या विश्रांतीच्या जागी येऊन थांबली. आता खुणेनुसार क्रँक चढवायची. हे न करता क्रँक कशीही बसवली तर वायपर काचेच्या मधोमध 'विश्रांती' घेतील. मग बॅटरी पुन्हा सोडवून मोटर बसवली, पट्टी जोडली, अर्थिंगची जागा घासून लख्ख केली. वायपरचे हात शेवटी, टेपच्या खुणेवर. काच भरपूर ओली करून मगच चालू केलं, कोरड्या काचेवर रबर ओढून नव्या मोटरला पहिल्याच दिवशी त्रास कशाला?

वायपर झकास चालतो. फक्त डावा हात काचेच्या कडेपासून दोन बोटं वर थांबतो. दात्यांवर एक खाच चुकून पुढे बसला आहे. नट सोडवून तो एक खाच मागे घ्यायचा आहे, पण सध्या पाऊस उघडत नाही.